लॅपटॉपची बॅटरी फुगलीय, घरीच बदलू का दुकानात देऊ?

कोथरूडकरीण
मंडळी, जरा लवकर सल्ला हवाय. लॅपटॉप सहा वर्षांचा, मुलीच्या बारावीच्या नोट्स आणि माझं हिशेबाचं काम दोन्ही त्यावरच. गेल्या आठवड्यापासून टचपॅडचं क्लिक बसेना, आधी वाटलं कचरा अडकला असेल, काल टेबलावर ठेवला तर डुगडुगतोय, उलटा करून बघितलं तर खालचं झाकण मधोमध वर आलंय. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले आठ दिवस ठेवून जा, बॅटरी आणि कीबोर्डसकट वरचा भाग मिळून ११ हजार, आणि डेटा गेला तर जबाबदारी आमची नाही. वॉरंटी कधीच संपलीय. भाऊ म्हणतो व्हिडिओ बघून घरी बदलू, नवरा म्हणतो हात लावू नकोस. मी आजवर इस्त्रीची वायर बदललीय, त्यापुढे काही नाही. करू का?

सोल्डरवाला
ताई, आधी चार्जर काढा आणि लॅपटॉप बंद करा, मग पुढचं वाचा. लिथियम बॅटरीत आतलं रसायन जुनं होऊन गॅस धरतो, म्हणून पिशवी फुगते. झाकण दाबून बसवू नका. काही जण सुईने गॅस काढतात ते तर अजिबात नको, आतले थर एकमेकांना टेकले की शॉर्ट होऊन पेट घेते.

आता घरी का दुकानात. मी १४ वर्षं रिपेरिंग करतोय, मला कोणी असं विचारलं की मी एवढंच विचारतो, बॅटरी स्क्रूवर बसवलीय का गोंदाने चिकटवलीय? तुमच्या मॉडेलचा नंबर खालच्या स्टिकरवर असतो, तो टाकून खोलण्याचा व्हिडिओ शोधा, आयफिक्सिटच्या साइटवरही बऱ्याच मॉडेलचे फोटो असतात. स्क्रूवर असेल तर बॅटरीचा कनेक्टर काढायचा, चार-पाच स्क्रू, उचलायची, नवी ठेवायची, इस्त्रीची वायर बदलणाऱ्या माणसाला जमतं. गोंदाने असेल तर मात्र दुकानातच द्या, फुगलेली बॅटरी पट्टीने उचकटताना फाटते, आणि तिथे ११ हजार वाचवण्यात काही अर्थ नाही.

वसईकर
वरच्या प्रत्येक शब्दाला +१. माझ्याकडून झालेली चूक सांगतो म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. फॅन साफ करायला लॅपटॉप खोलला, मधे कीबोर्डची चपटी रिबन येत होती ती ओढून काढली. तिच्यावर तांदळाच्या दाण्याएवढी काळी झडप असते, ती आधी नखाने वर उचलायची असते हे मला माहीत नव्हतं, झडप तुटली, कीबोर्ड मेला, आणि बोर्डवरचा कनेक्टर बदलायला २५०० गेले. बॅटरीसाठी रिबनला हात लावावा लागत नसेल तर लावूच नका. झाकणाच्या क्लिपा सोडवायला जुनं एटीएम कार्ड घ्या, लोखंडी स्क्रू ड्रायव्हर आत सरकवू नका, फुगलेली बॅटरी अगदी झाकणाला टेकलेली असते.

निलांबरी
बॅकअप!! बारावीच्या नोट्स आहेत म्हणताय म्हणून ओरडून सांगतेय. बॅटरी काढल्यावर बहुतेक लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालतात, तेव्हा जुनी काढली की नवी यायची वाट न बघता आधी सगळं पेन ड्राइव्हवर घ्या.
नवी बॅटरी घेताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका, जुनीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्ट दोन्ही जुळले पाहिजेत. भारतात लिथियम बॅटरीला बीआयएसची (सरकारी मानक संस्थेची) नोंदणी लागते, लेबलवर आयएस १६०४६ आणि आर पासून सुरू होणारा नंबर असतो, तो नसेल तर मी घेत नाही. पुण्यात आहात तर तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जुनी बॅटरी नका नेऊ, तिचा फोटो न्या, आणि बिलावर वॉरंटी लिहून घ्या.

कोथरूडकरीण
खूप आभार सगळ्यांचे. व्हिडिओ बघितला, स्क्रूवरच आहे! चार्जर रात्रीच काढला. हे जमलं तर मायक्रोवेव्हची प्लेट फिरत नाही तेही बघू का?

सोल्डरवाला
नाही ताई, मायक्रोवेव्ह नाही. आत दोनेक हजार व्होल्टचा कपॅसिटर असतो, प्लग काढल्यावरही चार्ज धरून बसतो, आमच्यातलीही बरीच माणसं त्याला हात लावत नाहीत. टीव्हीच्या पॉवर बोर्डाचं आणि चार्जरच्या आतलंही तसंच, आपले घरातले २३० व्होल्ट आत गेले की सव्वातीनशे डीसी होतात. प्लेटसाठी काही न खोलता एवढंच बघा, खालची चाकांची रिंग नीट बसलीय का आणि मधला प्लॅस्टिकचा तुकडा झिजलाय का. तो वेगळा मिळतो.

कोथरूडकरीण
अपडेट. रविवारी केलं. दहा स्क्रू, त्यातले दोन लांब, म्हणून कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावला. झाकण निघाल्यावर बॅटरीकडे बघून पोटात गोळा आला, तीनातला एक सेल उशीसारखा टम्म. भावाने टॉर्च धरला, मी कनेक्टर नखाने सरळ मागे सरकवला, पाच मिनिटांत बाहेर. नुसत्या चार्जरवर चालू झाला, आधी नोट्स घेतल्या. नवी २८०० ला मिळाली. लॅपटॉपवरच बॅटरी रिपोर्ट काढला, मूळ क्षमता ४१ हजार मिलिवॅट-तास, भरतेय ४० हजार ३००, म्हणजे जवळजवळ पूर्ण. टचपॅडचं क्लिक आपोआप ठीक झालं, म्हणजे वरचा भाग बदलायची गरजच नव्हती.
फुगलेली स्टीलच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवून गॅलरीत ठेवलीय, झाकण घट्ट लावलेलं नाही. भंगारवाल्याला देणार नाही. कोथरूड भागात ई-कचऱ्यात फुगलेल्या बॅटऱ्या कोण घेतं, कुणी नुकतीच दिली असेल तर सांगा.