पहिलं नाव चिकनचं, तरीही…

कुत्र्याचं विकतचं खाणं घेताना 'घटकांत पहिलं नाव चिकनचं असलं की डोळे झाकून घ्या' असा सल्ला देतात, त्यात एक गोम आहे. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि ताज्या चिकनमध्ये सुमारे ७० टक्के पाणीच! ते उडालं की मका किंवा तांदूळ पुढे सरकतो. उलट डब्यातल्या ओल्या खाण्यावर प्रथिनं ८ टक्के वाचून नाक मुरडू नका. ओलावा ७८ टक्के असेल तर कोरड्या हिशोबाने, म्हणजे पाणी वगळून, ती ३६ टक्के भरतात.

आमच्या लॅब्रेडॉर कुत्र्याचं खाणं मी एका दिवसात बदललं आणि दोन रात्री फरशी पुसत बसलो. आता आठवडाभर जुन्यात थोडं थोडं मिसळतो.

कुत्र्याला घरचा आमटी-भात घालणाऱ्यांनो, कांदा-लसूण मात्र अजिबात नको, त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.