‘होस्ट’ला यजमान म्हणावं का?

अनुवादिका: आर्म प्रोसेसरच्या बोर्डासाठी लिनक्स प्रणाली बांधायची एक पुस्तिका मराठीत करतेय. अशी प्रणाली बांधून देणारं साधन म्हणजे बिल्डरूट; त्याच्या ‘आउटपुट’ डिरेक्टरीत बिल्ड, होस्ट, स्टेजिंग, टार्गेट, इमेजेस अशी नावं असतात. ‘होस्ट’मध्ये आपल्याच संगणकावर चालणारी हत्यारं राहतात, क्रॉस-कंपायलर (एका यंत्रावर चालून दुसऱ्या प्रकारच्या यंत्रासाठी कोड काढणारा कंपायलर) धरून. म्हणून स्पष्टीकरणात ‘यजमान यंत्र’ लिहिलं. पुढच्या प्रकरणात ऑटोकॉन्फ (बांधणीआधीची ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट बनवणारं साधन) आलं, आणि तिथे ‘होस्ट’पुढे चक्क बोर्डाचा प्रकार लिहायचा! तपासणाऱ्यांनी ‘यजमान’ खोडला. काय करू?

धातुसाधित: खोडू देऊ नका. ऑटोकॉन्फच्या हिशेबात प्रोग्रॅम जिथे बांधला जातो ते बिल्ड, जिथे चालणार ते होस्ट. टार्गेटचा प्रश्न कंपायलरसारख्या हत्यारापुरताच येतो: ते कोणत्या यंत्रासाठी कोड काढणार? क्रॉस-कंपायलर तुमच्या संगणकावर चालतो, तेव्हा त्याचा होस्ट तुमचा संगणक. त्यानं बांधलेली लायब्ररी बोर्डावर चालते, तिचा होस्ट बोर्ड. यजमानही पाहुण्यावरूनच ठरतो ना? फक्त दर वेळी ‘कोणाचा’ ते लिहा.

रोजचा मेक: वाचायला छान, पण कर्नलवाल्यांना, म्हणजे लिनक्सचा गाभा बांधणाऱ्यांना विचारा. तिथे ‘होस्टसीसी’ म्हणजे बांधणाऱ्या यंत्रासाठीचा कंपायलर, विषय संपला. पुस्तिका वाचणारा समोर टर्मिनल उघडून बसलेला असतो. ‘होस्ट’च ठेवा. आणि कृपा करून पाथमधली नावं मराठी करू नका, कमांड चालणार नाही.

अनुवादिका: पाथ जसेच्या तसे आहेत. प्रश्न स्पष्टीकरणाचा आहे.

शुद्धमती: स्पष्टीकरणात तरी मराठी हवंच. क्रॉस-कंपाइल म्हणजे ‘परसंकलन’, टार्गेट म्हणजे ‘लक्ष्य’. शब्द वापरलेच नाहीत तर रुळणार कसे?

रोजचा मेक: संकलन म्हटलं की मला सिनेमाचं एडिटिंग आठवतं. आणि ‘लक्ष्य’ इथे घातक आहे. आमच्या एका सहकाऱ्यानं ‘टार्गेट’ डिरेक्टरी उचलून थेट कार्डावर टाकली. बोर्ड उठेना. त्या डिरेक्टरीतल्या फाइलींचे मालक आणि परवानग्या बरोबर नसतात, कारण बिल्डरूट ‘रूट’ (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवायचं नसतं. ते सगळं इमेज (कार्डावर टाकायची तयार फाइल) बनताना लागतं. ‘ही तुमची रूट फाइलसिस्टिम नाही’ असं नावातच सांगणारी फाइल तिथे ठेवलेली असते. तुम्ही ‘लक्ष्य’ लिहिलंत की वाचक समजणार, पोचलो.

शुद्धमती: ती चूक इंग्रजी नाव वाचूनच झाली ना? मग मराठीला कशाला दोष? ‘कच्चं लक्ष्य’ म्हणा.

धातुसाधित: ‘यजमान’ मुळात यज् धातूचं आत्मनेपदी रूप. स्वतःसाठी यज्ञ करवणारा. पाहुणचार नंतर चिकटला. या अर्थानं बांधणारं यंत्रच खरा यजमान ठरतं!

रोजचा मेक: म्हणजे तुमचंच वरचं म्हणणं तुम्ही मोडलंत. ते राहू द्या. दर आर्किटेक्चरला वेगळी आउटपुट डिरेक्टरी द्या एवढं मात्र ठळक लिहा. कर्नलला ‘ओ=’ (आउटपुट कुठे ठेवायचं ते सांगणारा पर्याय) देऊन आर्मचा बिल्ड एकीकडे, एक्स८६चा (नेहमीच्या पीसीचा) दुसरीकडे; नाहीतर एकाची कॉन्फिग दुसऱ्यावर बसते. आणि आधी सोर्समध्येच बांधलं असेल तर ‘मेक एमआरप्रॉपर’ (जुनी बांधणी आणि कॉन्फिग पुसणारी कमांड) केल्याशिवाय ‘ओ=’ चालत नाही.

शुद्धमती: ‘आर्मचा’ बिल्ड? आम्ही ‘आर्मची बिल्ड’ म्हणतो. मनात ‘बांधणी’ असते.

रोजचा मेक: बिल्ड ‘फुटतो’ म्हणतात, ‘फुटते’ कधीच नाही.

धातुसाधित: ‘प्रतिमा’मुळे इमेज स्त्रीलिंगी झाली, तसंच हे.

रोजचा मेक: मग ‘संहिता’ असताना कोड पुल्लिंगी कसा?