अहिराणीत उत्तर दिले की काउंटरवर हशा पिकतो. बोलत राहावे की थांबावे?

कावेरीकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी मूळचा तिरुचिरापल्लीचा असून गेली दोन वर्षे जळगाव जिल्ह्यातील एका बँकेच्या शाखेत अधिकारी आहे. इथे येण्यापूर्वी मी पुस्तकावरून मराठी शिकलो. तमिळमध्ये ळ असल्यामुळे ‘जळगाव’ हा शब्द मला पहिल्या दिवसापासून नीट म्हणता आला. उत्तरेकडून आलेले माझे सहकारी अजूनही ‘जलगाव’ म्हणतात.

अडचण दुसरीकडे झाली. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांसाठी एकच अक्षर आहे, आणि मी मराठी शब्द तमिळ लिपीत वहीत उतरवून पाठ केले होते. त्यामुळे ‘खाणे’ आणि ‘गाणे’ माझ्या वहीत अगदी सारखे दिसत. श्रावणात घरमालकांकडे कानबाई, म्हणजे इकडच्या खान्देशातली देवी, बसली होती. रात्री जागरणात बायका गाणी म्हणत असताना घरमालकीण मावशींनी मला “खाणार ना?” असे विचारले. मी ते “गाणार ना?” असे ऐकले, उठून हात जोडले आणि लहानपणी आईने शिकवलेले मुरुगनाचे स्तोत्र म्हणू लागलो. लोक “वा! वा!” म्हणाले. तमिळमध्ये ‘वा’ म्हणजे ‘ये’, म्हणून प्रत्येक ‘वा’ला मी एकेक पाऊल पुढे सरकत गेलो आणि स्तोत्र संपेपर्यंत थेट कानबाईच्या चौरंगापाशी पोहोचलो. पुन्हा एका सकाळी मावशी स्वयंपाकघरातून “पाल! पाल!” असे ओरडल्या. आमच्याकडे ‘पाल’ म्हणजे दूध. ते उतू जात असेल असे वाटून मी फडके घेऊन धावलो, तर समोर भिंतीवर पाल. माझी आई रोज जेवणाआधी कावळ्याला भात घालते, आणि तमिळमध्ये कावळ्याला ‘काक्का’ म्हणतात; त्यामुळे फोनवर मी घरमालकांना “काका, काका” अशी हाक मारताना ऐकून तिने विचारले, “इतक्या रात्री कावळे कशाला बोलावतोस?”

हे सारे घरातले झाले. माझा खरा प्रश्न शाखेतला आहे. तिथे येणारे कितीतरी खातेदार अहिराणी बोलतात. पहिल्याच आठवड्यात एक आजोबा म्हणाले, “काम एक शे.” पुस्तकात मी ‘शे’ फक्त दोनशे, तीनशे यांतच पाहिला होता, म्हणून मी विचारले, “शंभर रुपये काढायचे आहेत की भरायचे?” अहिराणीत ‘शे’ म्हणजे ‘आहे’; त्यांना फक्त पासबुक भरून हवे होते. दुसऱ्या एका बाबांनी विचारले, “मना खातामा पैसा उनात का?” त्यांना ‘माझ्या खात्यात पैसे आले का?’ असे विचारायचे होते, पण मी ‘मना’चा अर्थ ‘मनाई’ असा घेतला आणि त्यांच्या खात्यावर कोणतेही बंधन नसल्याचे त्यांना बराच वेळ समजावत राहिलो.

आता मला पुष्कळ समजते, आणि मी अहिराणीत उत्तरही देतो. पण मी “शे” म्हटले की रांगेतले सगळे हसतात. या लोकांविषयी मला फार आदर आहे. मी त्यांच्या बोलीची नक्कल करतो असे त्यांना वाटत असेल, तर मी आजच थांबेन. कृपया खरे ते सांगावे.

बोरीकाठ

मी अमळनेरचा, घरात अहिराणीच बोलणारा, आणि व्यवसायाने शिक्षक आहे. आमची पुष्कळ मुले शाळेत गेल्यावर अहिराणी बोलायला लाजू लागतात, शहरात नोकरी लागली की गावाकडच्या माणसाशीही प्रमाण मराठीतच बोलतात. अशा वेळी खुर्चीत बसलेला साहेब, तोही तमिळनाडूचा, “शे” म्हणतो, तेव्हा माणसे हसतात ती सुखावून हसतात, असे मला वाटते. नक्कल करणाऱ्याचा सूर वेगळा असतो आणि तो आमच्या लोकांना लगेच कळतो.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. संपूर्ण जिल्हा अहिराणी बोलत नाही. अमळनेर, पारोळा, चाळीसगाव आणि पुढे धुळ्याकडे अहिराणी चालते. रावेर, यावल, भुसावळ या बाजूला लेवा बोली अधिक ऐकू येते. आसोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींच्या ओव्या त्या बोलीतल्या आहेत. त्या बाजूच्या माणसाला तुम्ही “शे” म्हटलेत, तर तो हसेल, पण त्याचे कारण वेगळे असेल. म्हणून आधी गाव विचारावे: “तुमनं गाव कोनतं शे?”

आखाजी

भाऊ, तुमचे कानबाईचे वाचून डोळ्यांत पाणी आले. जागरणात कोणीही म्हटलेले देवाचे गाणे आम्हाला पावनच वाटते. तुमच्या मावशी ती रात्र विसरणार नाहीत.

ख आणि ग यांसाठी एक उपाय सांगते. तोंडासमोर कागदाचा लहान तुकडा धरा. ‘खा’ म्हणताना तो हलला पाहिजे, ‘गा’ म्हणताना जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. माझ्या नातवाला मी असेच शिकवले. वही मात्र आजपासून देवनागरीतच लिहा, कारण सगळा घोटाळा त्या वहीतून सुरू झाला आहे. आणि हिवाळ्यात मावशींना भरीत करायला सांगा. आपल्याकडची लांबट हिरवी वांगी कापसाच्या काड्यांवर भाजून, ठेचलेल्या हिरव्या मिरचीसह केलेले भरीत केळीच्या पानावर वाढतात. पान पाहून तुम्हाला तुमचे घर आठवेल.

केळीचा घड

मी रावेर तालुक्यातला, घरी केळीची बाग आहे, आणि चार वर्षांपासून चेन्नईत नोकरी करतो. सुट्टीला नवजीवन एक्स्प्रेसने भुसावळला उतरतो. तुमच्या पालीवरून सांगतो: आमच्या सातपुड्यात पाल नावाचे गावही आहे. मी चेन्नईतल्या खोलीसोबत्याला “रविवारी आम्ही पालला गेलो होतो” असे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “दूध आणायला इतक्या लांब?”

तमिळमध्ये केळ्याला वाऴैप्पऴम म्हणतात. त्यातला ऴ हा ळही नाही आणि लही नाही, आणि तो एका शब्दात दोनदा येतो. ज्या पिकावर आमचे घर उभे आहे त्याचेच नाव मला वर्षभर म्हणता येईना. कोपऱ्यावरच्या फळवाल्या आजी रोज हसायच्या. तमिळमध्ये ‘केळु’ म्हणजे विचार किंवा ऐक, हे तुम्हाला मी काय सांगावे. मी एक दिवस त्यांना सरळ विचारले की, आजी, तुम्ही का हसता? त्या म्हणाल्या, “तू चुकतोस आणि तरी उद्या पुन्हा येतोस म्हणून.” तुम्हीही रांगेतल्या एखाद्याला विचारून पाहा.

कावेरीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वही कालपासून देवनागरीत लिहितो आहे. आज शाखेत ‘एक शे’वाले तेच आजोबा आले होते. मी त्यांना गाव विचारले. ते पारोळा तालुक्यातले निघाले. मग मी विचारले की, बाबा, मी बोललो की सगळे का हसतात? ते म्हणाले, “मना नातू पुण्याले शे. तो मन्हासंगे असं बोलत नही.” त्यानंतर त्यांनी मला माझ्या वडिलांचे नाव, शेती किती, पाणी कोठून येते, हे सगळे अहिराणीत विचारले. कावेरी नदी मला अहिराणीत समजावून सांगता आली नाही. तेवढे शब्द कोणी सांगाल का?