मलय सासरची पहिली ईद: नव्याने मुस्लिम झालेल्या बहिणीला काय शिकवावं?

नेरूळकर: धाकट्या बहिणीने क्वालालंपूरमध्ये इस्लाम स्वीकारून मलय मुलाशी लग्न केलंय. नमाज शिकायला वर्ग आहे, पण सासरच्या गोतावळ्यात ती बावरते. ईदेला आई-बाबांना घेऊन आम्हीही जाणार आहोत. ते शाकाहारी आहेत.

कौसा-मुंब्रा: ‘सलाम’पासून सुरुवात करा. समोरच्या बाईचा हात दोन्ही तळव्यांत हलकेच घ्यायचा आणि सोडल्यावर उजवा हात छातीशी न्यायचा. घट्ट धरून हलवणं उद्धटपणाचं दिसतं. सासूबाईंचा हात वाकून ओठांना किंवा कपाळाला लावतात. परपुरुषापुढे नुसता छातीवर हात ठेवून मान लववली की झालं. बसलेल्या वडीलधाऱ्यांपुढून जाताना थोडं वाकून जावं. जेवताना तोटीची ‘केंडी’ समोर येते, खाली तस्त असतं. ते पाणी बोटं धुवायचं, प्यायचं नाही. पोट भरलं असेल तर कोरडं ‘नको’ म्हणू नये, उजव्या हाताची बोटं पदार्थाला हलकेच लावावीत. तेवढ्याने मान राखला जातो.

खरी ओळख मात्र ‘केंदुरी’च्या, म्हणजे गावजेवणासारख्या मेजवानीच्या, आदल्या दिवशी होते. कांदे सोलायला, मसाला वाटायला शेजारपाजार जमतो, तेव्हा तिने बोलावण्याची वाट न पाहता जावं. भाषा तोडकीमोडकी असली तरी चालते. आणि ती आता विवाहित आहे, म्हणजे मुलांना ‘दुइत राया’ची, म्हणजे ईदीच्या पैशांची, पाकिटं नवरा-बायकोने द्यायची. नव्या नोटा बँकेतून आधीच आणून ठेवा.

घोडबंदर_ठाणे: वरचं सगळं बरोबर, पण त्यातलं बरंचसं ‘आदात’ आहे, म्हणजे रूढी. मलेशियाच्या राज्यघटनेच्या 160व्या कलमात मलय माणसाच्या व्याख्येतच इस्लाम, मलय भाषा आणि मलय रूढी एकत्र येतात, म्हणून तिथे धर्मांतराला ‘मासुक मलायु’ (मलय होणं) म्हणायची पद्धत पडली. नवखी व्यक्ती इथेच गोंधळते. ‘बाजू कुरुंग’ हा मलय बायकांचा पारंपरिक पोशाख नीट नेसता आला नाही तरी धर्म चुकला असं वाटून ती लोकांत जाणंच टाळते. शिकवणाऱ्याने दर वेळी हे फर्ज (धर्माने बंधनकारक), ही रीत, असं स्पष्ट सांगावं. 1960 मध्ये स्थापन झालेली ‘पर्किम’ ही संस्था नवमुस्लिमांसाठी काम करते, तिथे तिला मलय नसलेल्या मैत्रिणीही मिळतील. माहेर तोडायची तर मुळीच गरज नाही. आई-वडिलांशी चांगलं वागा, हे कुराणातच आहे (31:15).

कौसा-मुंब्रा: आई-बाबांच्या जेवणाचं आधीच सांगून ठेवा. तिथल्या भाजीत, सांबालमध्ये (मिरचीच्या चटणीत) बहुतेक वेळा ‘बलाचान’ म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. भेट म्हणून साधे काजू, खजूर न्या. पॅकबंद मिठाईवर हलाल शिक्का नसेल तर यजमानांची पंचाईत होते.