टी-रेग दिल्या, तरी उंदीर सातव्या दिवशी दगावतात

प्रश्न: सी५७बीएल/६ उंदीर, त्यांना मेंदूचा मलेरिया घडवणारा परजीवी प्लास्मोडियम बर्गेई एएनकेए, १० लाख बाधित तांबड्या पेशी पोटात टोचून. आदल्या दिवशी शेपटीच्या शिरेतून १० लाख टी-रेग (प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी पेशी), निरोगी दात्यांच्या प्लीहेतून सीडी४ आणि सीडी२५ या पृष्ठभागावरच्या खुणांवरून सॉर्ट केलेल्या, म्हणजे वेगळ्या काढलेल्या. तरी टी-रेग दिलेला आणि न दिलेला, दोन्ही गट सातव्या-आठव्या दिवशी झटके येऊन मरतात. पेशी वाढवून द्याव्यात का?

उत्तर १: सॉर्टमध्ये दोष शोधत बसू नका. १० लाखांपर्यंत शुद्ध टी-रेग देऊनही मेंदूचा मलेरिया टळत नाही, हे २०१० सालीच छापून आलंय. त्याच कामात आयएल-२ (टी पेशी वाढवणारं प्रथिन) आणि त्याला चिकटणारी अँटिबॉडी अँटी-आयएल-२ यांचा कॉम्प्लेक्स देऊन टी-रेग उंदराच्या अंगातच वाढवल्या, तेव्हा संरक्षण मिळालं. ते सीटीएलए-४ या टी पेशींना आवरणाऱ्या रेणूमुळे होतं. नेहमीचं प्रमाण: १ मायक्रोग्रॅम आयएल-२, ५ मायक्रोग्रॅम अँटिबॉडी, ३७ अंशांवर अर्धा तास एकत्र ठेवून पोटात, सलग ३ दिवस. अँटिबॉडीचा क्लोन (प्रकार) जेईएस६-१ च हवा. एस४बी६ हा क्लोन घेतलात तर सीडी८ आणि एनके या मारेकरी पेशी फोफावतात, आणि मेंदूत परफोरिन-ग्रँझाइम ही पेशी मारणारी प्रथिनं सोडून घात करणाऱ्या सीडी८ च! नळीवरचं लेबल दोनदा वाचा. संसर्ग देण्याआधी एक-दोन उंदरांची प्लीहा फॉक्सपी३ (टी-रेगची ओळखखूण) साठी रंगवून बघा. टी-रेग वाढल्या नसतील तर पुढे जाऊ नका.

उत्तर २: बाहेरून पेशी देणं (ट्रान्सफर) सोडायचंच नसेल तर दाते सीडी४५.१ ही वेगळी ओळखखूण असलेले घ्या, म्हणजे दिलेल्या पेशी प्लीहेत आणि मेंदूत पोचल्या का ते कळेल. नराच्या पेशी मादीला देऊ नका, फक्त नराच्या पेशींवर असलेल्या एच-वाय प्रतिजनामुळे नाकारल्या जाऊ शकतात. सॉर्टला सीडी२५ विरुद्धची अँटिबॉडी म्हणून पीसी६१ वापरताय का? तो टी-रेग संपवण्यासाठी वापरतात तोच क्लोन, आणि पेशींवर चिकटून तो उंदरात जातो. फॉक्सपी३-जीएफपी दाते (ज्यांच्या टी-रेग आपोआप हिरव्या चमकतात) असतील तर हा प्रश्नच येत नाही. संसर्ग झालेले दाते तर नकोच. त्यांच्या चेतवलेल्या इफेक्टर पेशींवरही सीडी२५ असतं.

प्रश्नकर्ता: क्लोन बदलतो. वाचले की नाही, हे कितव्या दिवशी ठरवायचं?

उत्तर ३: साधारण बाराव्या दिवशी. त्यानंतरचे मृत्यू बहुतेक रक्तक्षय आणि चढलेल्या पॅरासिटेमियाचे (रक्तातल्या परजीवींच्या प्रमाणाचे), ते मेंदूच्या खात्यात धरू नका. पण नुसती मरणं मोजून भागत नाही. पाचव्या दिवसापासून दोन वेळा वागणुकीचा स्कोअर घ्या. लक्षणं दिसली की मेंदूच्या रक्तवाहिन्या गळतात का ते बघायला १ टक्का इव्हान्स ब्लू हा रंग २०० मायक्रोलिटर शिरेतून, तासाभराने सलाइनने परफ्यूजन (रक्तवाहिन्या धुणं), मेंदू फॉर्मामाइडमध्ये ठेवून ६२० नॅनोमीटरवर रीडिंग. उंदीर मेल्यावर रंग देऊन उपयोग नाही. आणि रोजचा स्मिअर (काचेवरचा रक्ताचा नमुना) हवाच: परजीवीच कमी वाढले असतील, तर पेशींनी मेंदू वाचवला असं म्हणता येत नाही. अवयवांत अडकलेले परजीवी स्मिअरवर दिसत नाहीत, त्यासाठी ल्युसिफरेज (प्रकाश देणारं एन्झाइम) असलेला परजीवीचा स्ट्रेन वापरा.