आईच्या पोटात वरच्या बाजूला कळ येते, पित्त समजून थांबावं का?

नमस्कार. माझी आई ५८ वर्षांची, गाव केज तालुक्यात. मी कामासाठी पुण्याला असतो. तीन आठवड्यांपासून तिला बेंबीच्या वर, छातीच्या खळगीत दुखतंय. जेवणानंतर तास-दीड तासाने कळ सुरू होते, उजव्या बरगडीखाली जाते, मग पाठीत उजव्या खवाट्यापर्यंत. परवा पुतण्याच्या जावळाला मटणाचा रस्सा खाल्ला आणि रात्री दोनला उलटी झाली. पहाटेपर्यंत नुसती तळमळत होती.

गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, पित्ताच्या गोळ्या दिल्या. दोन दिवस बरं, पुन्हा तेच. चुलती म्हणते बेंबी सरकली, पोट चोळून घे. आई म्हणते सोयाबीन निघू दे, मग दवाखान्याचं बघू.

शुगर सहा वर्षांपासून आहे. गुडघ्यासाठी मेडिकलवरून आणलेली दुखण्याची गोळी वर्षभर रोज घेते, तीही सकाळी कोऱ्या चहावर. ताप नाही, डोळे पिवळे नाहीत.

कशाने होत असेल? आधी सोनोग्राफी करावी की दुर्बीण? अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय जवळ आहे, लातूरला न्यायची गरज आहे का? कृपया सांगा, रात्री झोप लागत नाही.

परळीकर ताई: दादा, मी वॉर्डात १४ वर्षं परिचारिका आहे. निदान डॉक्टरच करतील, पण सोयाबीनसाठी थांबू नका. सगळ्यात आधी ईसीजी काढा. शुगरच्या माणसाला, त्यातही बाईला, छातीत न दुखता फक्त खळगीत दुखून हार्ट अटॅक आलेला मी पाहिलाय, आणि घरचे सोडा पाजत बसले होते. घाम फुटला, दम लागला, तर त्याच क्षणी १०८ लावा.

तेलकट खाल्ल्यावर उजवीकडे कळ आणि खवाट्यात चमक म्हटलं की पित्ताशयातले खडे डोक्यात येतात. ते सोनोग्राफीत दिसतात, पण उपाशीपोटी न्या. जेवलं की पित्ताशय आकसतं, नीट दिसत नाही. खडा नळीत अडकला तर कावीळ होते, थंडी वाजून ताप येतो, स्वादुपिंडालाही सूज येते.

मला जास्त भीती त्या गुडघ्याच्या गोळीची वाटते. ती जठराचं आतलं अस्तर कमकुवत करते आणि जखम होते. कधी कधी काही न दुखता आतल्या आत रक्त जातं. डांबरासारखी काळी, चिकट संडास होते का, हे आईला स्पष्ट विचारा. गोळीचं पाकीट डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे सगळं ठेच्यावर ढकलतात, पण अल्सरची मोठी कारणं दोनच: या गोळ्या आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं. दुर्बिणीतून तुकडा घेऊन तो तपासता येतो, औषधांनी जातोही.

अंबाजोगाईलाच न्या. पुढे पाठवायची गरज पडली तर तेच पाठवतील.

वसमतचा शेतकरी: माझ्या वडिलांचं असंच गॅस-गॅस म्हणत चार दिवस गेले. पोटातून आरपार पाठीत दुखायचं, पुढं वाकून बसलं की जरा बरं वाटायचं. निघाली स्वादुपिंडाची सूज. दारूचा थेंब नव्हता, खड्यांमुळं झालं होतं. बारा दिवस भरती होते. वाचले, पण ते चार दिवस मला अजून टोचतात. भाऊ, आजच निघा.

धागाकर्ता: ताई, दादा, तुमचे फार उपकार. त्याच रात्री निघालो, सकाळी आईला अंबाजोगाईला नेलं. ईसीजी ठीक आहे. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, नळी मोकळी आहे. पण हिमोग्लोबिन ८.४ आलं. तेव्हा आईने माझ्या बायकोला हळूच सांगितलं की आठ दिवसांपासून संडास काळी होतेय. मला सांगायला लाज वाटली म्हणाली. लगेच भरती करून घेतलं, ती गोळी बंद केली, उद्या दुर्बीण आहे. खड्यांचं ऑपरेशन त्यानंतर ठरवू म्हणाले.

ताई, आता एकच विचारायचंय: ती गोळी बंद झाल्यावर गुडघ्यासाठी तिला काय चालेल? घरी गेल्यावर ती पुन्हा मेडिकलवर जाईल, मला ठाऊक आहे.

परळीकर ताई: बरं केलंत. उद्या डॉक्टरांना हेच विचारा, तिच्यासमोर. साधं पॅरासिटामॉल बहुतेकदा चालतं, पण किती आणि कधी ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद गावातल्या मेडिकलवाल्यालाही दाखवून ठेवा.