गेट आणि लॉबीच्या आयपी फोनसाठी दुसरी लाइन

सचिव: गेट, ऑफिस, क्लब हाउस आणि तीन लॉबी मिळून ६ आयपी फोन (नेटवर्कच्या केबलवर चालणारे). दुसरी इंटरनेट लाइन घ्यायची का? कमिटी मीटिंगआधी मतं द्या. नेमकं लिहा, फॉरवर्ड नकोत.

बी-७०४: आधी एक बघा, कॉल सर्व्हर (फोन एकमेकांना जोडणारं यंत्र) ऑफिसमधल्या रॅकवर आहे की क्लाउडवर, म्हणजे बाहेर इंटरनेटवर? रॅकवर असेल तर गेट ते लॉबी कॉलला इंटरनेट लागतच नाही, स्विच आणि वीज पुरे. क्लाउडवर असेल तर गेटवरून शेजारच्या लॉबीत फोन करायलाही बाहेरची लाइन जिवंत हवी. मग दुसऱ्या लाइनच्या आधी सर्व्हर आत आणा.

खजिनदार: बाहेरच्या कॉलसाठी २०० एमबीपीएस घ्यायचं का?

बी-७०४: अजिबात नको. जी.७११ कोडेकवर (आवाज डेटात बदलायची नेहमीची पद्धत) एका कॉलला जाता-येता प्रत्येकी साधारण ९० केबीपीएस लागतात. सहाही फोन एकाच वेळी बोलले तरी ६०० केबीपीएसच्या आत, म्हणजे १ एमबीपीएसही नाही. सगळ्यात स्वस्त प्लॅन चालेल.

ए-१०२: दोन्ही लाइनवर लोड बॅलन्सिंग लावा ना, म्हणजे दोन्ही एकदम वापरात, पैसे वसूल होतील.

बी-७०४: काका, ब्राउझिंगला ठीक, फोनला नको. सिग्नलिंग (कॉल जोडण्याचे संदेश) एका लाइनवरून आणि आवाज दुसऱ्या लाइनवरून गेला तर बेल वाजते पण आवाज एकतर्फी येतो. एक लाइन मुख्य, दुसरी फक्त राखीव.

सी-३०३: दोन कंपन्या घेऊन उपयोग तेव्हाच, जेव्हा केबल वेगळ्या वाटेने येईल. दोन्ही एकाच डक्टमधून (जमिनीखालच्या पाइपमधून) आल्या तर जेसीबी दोन्ही एकदम तोडतो. शिवाय लोकल केबलवाल्याचा स्विच गच्चीवर किंवा शाफ्टमध्ये असतो. तो आपल्या यूपीएसवर नसेल तर वीज गेली की ती लाइनही गेली. सरळ ओएनटीपर्यंत (फायबर जिथे संपते ती आपल्याकडची डबी) फायबर येणारं कनेक्शन बरं, कारण एक्स्चेंज ते आपण यामध्ये विजेवर चालणारं काही नसतं. तिसरा पर्याय ४जी राउटर, पण सिमचा रिचार्ज संपलेला असतो हे गरजेच्या दिवशीच कळतं.

सचिव: राउटरमध्ये काय सेटिंग लागेल?

बी-७०४: खरी गडबड इथेच होते, म्हणून सविस्तर लिहितो. ड्युअल-वॅन राउटर (दोन इंटरनेट लाइन घेणारा) घ्या आणि लाइन तपासायला ८.८.८.८ व १.१.१.१ या इंटरनेटवरच्या दोन्ही पत्त्यांना दर ५ सेकंदांनी पिंग (उत्तर येतं का बघणारा छोटा संदेश) लावा. फक्त ओएनटीला पिंग केलं तर पुढे कंपनीकडे बंद असतानाही लाइन चालू दिसते. दोन्ही पत्ते सलग ३ वेळा गप्प राहिले की लाइन बदला, म्हणजे १५ सेकंद. परत मुख्य लाइनवर यायला मात्र १० मिनिटांची वाट ठेवा, नाहीतर लाइन हेलकावे खात राहते. चालू कॉल तुटणारच, ते मान्य करा.

आता फसवा भाग. फोन दर २०–३० सेकंदांनी कीप-अलाइव्ह, म्हणजे ‘मी चालू आहे’ असा संदेश, पाठवतो. त्यामुळे राउटरच्या कनेक्शन टेबलमध्ये (कोणता डेटा कोणत्या लाइनवरून जातो त्याची यादी) मेलेल्या लाइनची जुनी नोंद ताजीच राहते आणि फोन तिलाच चिकटून बसतो. लाइन बदलताना हे टेबल साफ करण्याचा पर्याय चालू हवा. फोनमध्ये रजिस्ट्रेशनची (सर्व्हरकडे पुन्हा नोंद करण्याची) मुदत ३६०० सेकंद असेल तर १२० करा. राउटरमधलं एसआयपी एएलजी (फोनच्या संदेशांत फेरफार करणारं सेटिंग) बंद. डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) कोणत्याही एका कंपनीचा नको.

सी-३०३: एक भर. फायबरवाल्या कंपनीने दिलेला लँडलाइन नंबर बहुतेक वेळा त्यांच्याच ओएनटीवर चालतो, दुसऱ्या लाइनवर येत नाही. त्यांच्याकडूनच ‘फोन बंद असेल तर मोबाइलवर वळवा’ हे लावून घ्या.

खजिनदार: बॅटरी?

सी-३०३: ६ फोन, पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच फोनला वीज देणारा), राउटर, दोन ओएनटी, सर्व्हर धरून ८०–९० वॅट. ६०० व्हीए यूपीएसमधली ७ एएचची बॅटरी जेमतेम अर्धा तास देते. १२ व्होल्ट १५० एएचचा इन्व्हर्टर १२ तासांच्या आसपास खेचेल. तो यूपीएस मोडवर (वीज गेली की झटकन बॅटरीवर जाणारा) ठेवा, नाहीतर वीज जाताक्षणी राउटर रीस्टार्ट होतो. आणि लिफ्टमधला इमर्जन्सी फोन यावर अजिबात टाकू नका, तो जीएसएमवरच (मोबाइल सिमवर) राहू दे.

ए-१०२: चाचणी कशी घ्यायची? राउटरची केबल काढून?

बी-७०४: तशी नको काका. केबल काढली की राउटरला लगेच कळतं, चाचणी खोटी पास होते. केबल तशीच ठेवून ओएनटीतून फायबर काढा, टोकाला टोपी लावा, टोकात डोकावू नका. मग बाहेरून गेटच्या नंबरवर कॉल लावा. २–३ मिनिटांत बेल वाजली पाहिजे. फायबर परत लावल्यावर १० मिनिटांनी पुन्हा तेच.

सचिव: शनिवारी दुपारी ३ ते ४ चाचणी. त्या वेळात गेटला वॉचमनच्या मोबाइलवर फोन करा.